वाळुंज

वाळुंज : (सं. जलवेतस, हिं. बेद, बैंस, लॅ. सॅलिक्स टेट्रास्पर्मा, कुल-सॅलिकेसी). ओढे, नद्या, झरे व दलदलीच्या जागा यांच्या काठी रानटी अवस्थेत वाढणारा एक लहान ते मध्यम आकाराचा पानझडी वृक्ष. इंग्रजीत ‘विलो’ या नावाने परिचित असलेल्या सॅलिक्स प्रजातीचा हा महाराष्ट्रातील रानटी प्रतिनिधी होय. या प्रजातीत सु. ४०० जाती असून त्यांपैकी बहुतेक उत्तर गोलार्धातील थंड व समशीतोष्ण प्रदेशांत आढळतात. त्यांतही मोठ्या वृक्षांपेक्षा झुडपांची संख्या अधिक आहे. उंच पर्वतांवरील पाणथळ जागी आणि ध्रुवीय प्रदेशात या झुडपांची उंची गुडघ्याएवढी, घोट्याएवढी, किंबहुना बोटभरच राहते. भारतातील तीसहून अधिक जातींपैकी बहुतेक हिमालयात आहेत. उष्ण कटिबंधात उतरून तेथे स्थिरावलेल्या थोड्या जातींत वाळुंजाचा समावेश होतो. त्यामुळे महाराष्ट्रातील वाचकास या विस्तृत वनस्पतिसमूहाची ओळख करून घेण्यासाठी वाळुंज हेच सर्वांत जवळचे उदाहरण आहे.

प्रसार : हिमालयाच्या पायथ्यापासून सु. १,८०० मी. उंचीपर्यंत, तसेच भारतीय द्वीपकल्पात वाळुंज तुरळकपणे आढळतो. पाकिस्तान, नेपाळ, भूतान, म्यानमार, दक्षिण चीन, थायलंड, इंडोनेशिया व फिलिपीन्स या देशांतही त्याचा प्रसार आहे. महाराष्ट्रात सह्याद्रीतील ओढ्यांच्या काठी, विशेषतः महाबळेश्वर परिसरात वेण्णा व कोयना यांच्या वरच्या प्रवाहांलगत, तो पाहावयास मिळतो. सातपुड्याच्या उंच भागांतील ओढ्यांकाठीही तो वाढतो. सर्वत्र दाट संख्येने उगवणारा हा वृक्ष नव्हे. जेथे उन्हाळ्यातही मुळांशी ओल टिकते अशाच जागी त्याचे अस्तित्व असते. कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचे अधीक्षक विल्यम रॉक्सबर्ग यांनी कोरोमंडल किनाऱ्यावरील वनस्पतींविषयीच्या आपल्या सचित्र ग्रंथात १७९८ मध्ये या जातीचे शास्त्रीय वर्णन प्रथम प्रसिद्ध केले. टेट्रास्पर्मा या जातिवाचक नावाचा अर्थ ‘चार बियांचा’ असा असून फळात बहुधा चार ते सहा बिया असतात, यावरून ते पडले आहे.

शारीरिक लक्षणे : खोडाची साल खरबरीत व उभ्या खोल भेगांनी युक्त असते, कोवळ्या फांद्यांवर रेशमासारखी लव असते. पाने साधी, एकाआड एक, भाल्यासारखी किंवा अंडाकृती-भाल्यासारखी, सु. ८–१५ सेंमी. लांब व टोकाशी निमुळती असतात. त्यांच्या कडा बारीक दातेरी किंवा अखंड असतात. वरचा पृष्ठभाग हिरवा व तुकतुकीत, तर खालचा पांढरट-निळसर असतो. वारा सुटला की पाने उलटसुलट होऊन सारा वृक्ष क्षणात हिरवा व क्षणात रुपेरी दिसतो. लांबून वाळुंज ओळखण्याची ही सोपी खूण होय. देठ पुष्कळदा तांबूस असतो.

फुले एकलिंगी असून नर-फुले एका वृक्षावर व स्त्री-फुले दुसऱ्या वृक्षावर येतात, म्हणजेच वृक्ष विभक्तलिंगी आहे. फुलोरे कणिशासारखे, लांबट व मऊ असतात (नतकणिश). पावसाळा संपल्यावर, मुख्यतः हिवाळ्यात, ते कोवळ्या पालवीबरोबर येतात. नर-फुलोऱ्यास मंद सुवास असतो. फुलास पाकळ्या वा संदले नसतात. प्रत्येक फूल एका लहान छदाच्या बगलेत असते आणि त्याच्या तळाशी मधुरस स्रवणारी प्रपिंडे असतात. पुष्कळ विलोंच्या नर-फुलात दोनच केसरदले असतात. वाळुंजात ती ५–१० असतात. परागण कीटकांद्वारे व काही अंशी वाऱ्यामुळे होते. फळ (बोंड) लहान व सवृंत असून तडकल्यावर त्यातून कापसासारख्या केसांच्या झुबक्यासह सूक्ष्म बिया बाहेर पडतात आणि वाऱ्यावर किंवा पाण्यावरून दूर जातात.

ओळखीतील घोटाळे : ‘जलवेतस’ हे संस्कृत नाव एकाच वनस्पतीस लावले गेलेले नाही. ‘वेतस’ हा शब्द काही ठिकाणी वेतासाठी, म्हणजे ताडकुलातील चढत्या वनस्पतीसाठी, आणि काही ठिकाणी विलोसाठी वापरलेला दिसतो. वानीर, निचुल इ. नावांच्या बाबतीतही टीकाकार व निघंटुकार यांच्यात एकवाक्यता नाही. शेरणी (लॅ. होमोनोइया रायपॅरिया, कुल-यूफोर्बिएसी) या झुडपासही जलवेतस म्हणण्याची प्रथा आहे, आणि बाह्य रूप पाहता ती समजण्यासारखी आहे. शेरणी बहुधा १–३ मी. उंच वाढते. तिची पाने अरुंद व लांब असतात, फांद्या चिवट असतात व मुळे खडकांच्या फटींत घट्ट रुतलेली असतात. पुराच्या लोंढ्यात ती पूर्णपणे आडवी होते आणि पाणी ओसरल्यावर पुन्हा उभी राहते. तीही विभक्तलिंगी आहे. मात्र तिच्या नर-फुलात असंख्य केसरदलांचे शाखित जुडगे असते, फळ तीन कप्प्यांचे असते व बियांवर कापसासारखे केस नसतात. पानाच्या खालच्या बाजूस सूक्ष्म खवले असतात. विलोशी तिचे निकटचे नाते नाही. वाहत्या पाण्याशी जुळवून घेताना दोन निराळ्या कुलांतील वनस्पतींना सारखे रूप प्राप्त झाले, एवढाच याचा अर्थ.

हा भेद पूर्व विदर्भासारख्या प्रदेशात विशेष ध्यानात ठेवावा लागतो. चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड आणि त्याच्या आसपासचा भाग हा भातशेतीचा, माजी मालगुजारी तलावांचा व पानझडी जंगलांचा मुलूख आहे. त्याच्या पूर्वेकडून वैनगंगा वाहते. येथील ओढ्यांच्या व तळ्यांच्या काठी अर्जुन, करंज, जांभूळ हेच वृक्ष प्रथम नजरेत भरतात. पाणी येथेही आहे, परंतु उंच डोंगरातील अखंड पाझर व गारवा नाही. अशा सखल प्रदेशातील नदीपात्रात अरुंद पानांचे झुडूप दिसताच त्यास वाळुंज म्हणू नये. प्रथम फुलोरा व फळ पाहावे. बोंडातून कापूस निघत असेल तर वनस्पती वाळुंजाच्या गोत्रातील असण्याचा संभव. फळ तीन कप्प्यांचे असेल तर ती शेरणी. नावाचा हा गोंधळ केवळ पंडिती नाही. औषधासाठी साल गोळा करणाऱ्याने एकीऐवजी दुसरी वनस्पती आणल्यास गुणांत फरक पडतो, आणि वनस्पतींच्या नोंदीत चूक शिरली की ती एका यादीतून दुसरीत जात राहते.

खुज्या जाती : विलोंचे सर्वांत लक्षणीय रूप उंच पर्वतांवर दिसते. हिमालयात वृक्षरेषेच्या वर सॅलिक्स लिंडलेयाना ही जमिनीवर सरपटणारी जाती आढळते. तिची पाने सु. एक सेंमी. लांब असून खोडे व फांद्या मातीत आणि शेवाळात दडलेल्या असतात. दगडांवर व ओलसर उतारांवर तिचा हिरवा गालिचा पसरतो. पश्चिम हिमालयातील सॅ. फ्लॅबेलॅरिस ही जातीही अशीच भूशायी आहे. यूरोपातील उंच पर्वतांवर व ध्रुवीय प्रदेशात वाढणारी सॅ. हर्बेसिया जमिनीवर काही सेंमी.च डोके वर काढते; लिनीअस यांनी तिला सर्व वृक्षांत लहान म्हटले होते. सॅ. आर्क्टिका ही जाती तर ग्रीनलंडच्या उत्तर टोकापर्यंत पोहोचली असून काष्ठमय वनस्पतींत इतक्या उत्तरेस दुसरी क्वचितच आढळते. तिच्या अंगठ्याएवढ्या जाडीच्या खोडात शंभराहून अधिक वार्षिक वलये मोजता येतात.

खुजेपणा हा या वनस्पतींचा दोष नसून त्यांचे संरक्षण आहे. जमिनीलगतची हवा उन्हाने लवकर तापते व तेथे वाऱ्याचा वेग कमी असतो. हिवाळ्यात बर्फाचे आवरण कळ्यांना कडाक्याच्या थंडीपासून वाचवते. बर्फाबाहेर राहिलेली डहाळी मात्र वाऱ्याने सुकून मरते. फुलोऱ्यांवरील दाट केसांमुळे आतील उष्णता टिकून राहते, आणि बर्फ वितळताच फुलणारे हे फुलोरे भुंग्यांना व मधमाश्यांना मोसमातील पहिले अन्न पुरवितात. मातीखाली गेलेल्या फांद्यांना मुळे फुटून नवी झुडपे होतात. यामुळे एखादा विस्तीर्ण ताटवा प्रत्यक्षात एकाच झुडपाचा विस्तार असू शकतो.

पाणथळ जागांशी संबंध : विलो व पाणी यांचा संबंध दुहेरी आहे. पाण्यावाचून विलो जगत नाहीत, आणि विलोंमुळे पाणी जागच्या जागी टिकते. मुळांचे दाट जाळे काठाची माती धरून ठेवते. पुराच्या वेळी लवचिक फांद्या प्रवाहाचा वेग कमी करतात व गाळ खाली बसतो. सावलीमुळे पाणी थंड राहते. गळलेली पाने पाण्यातील कीटकांचे व पर्यायाने माशांचे अन्न होतात. मुळे व खोड यांतील हवेच्या पोकळ्यांमुळे चिखलात, जेथे ऑक्सिजन अपुरा असतो तेथे, ही झाडे तग धरतात; खोड बुडाले तर त्यावर नवी आगंतुक मुळे फुटतात.

हा संबंध तुटला तर काय होते, याचे चांगले अभ्यासलेले उदाहरण अमेरिकेतील यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात आहे. तेथे १९२० च्या दशकापर्यंत लांडगे नष्ट झाले. त्यानंतर एल्क हरणांनी ओढ्याकाठचे विलो खाऊन खुरटवले आणि विलोंवर उपजीविका करणारे बीव्हर दुर्मिळ झाले. बीव्हरांचे बांध गेल्यामुळे ओढ्यांची पात्रे खोल गेली व भूजलाची पातळी खाली उतरली. १९९५-९६ मध्ये लांडगे पुन्हा आणण्यात आले. काही ठिकाणी विलो उंच वाढू लागले. परंतु जेथे पाण्याची पातळी खाली गेली होती तेथे केवळ चराई कमी होऊन ते पूर्ववत झाले नाहीत. चराई किंवा तोड यांपासून विलो सावरू शकतो. मुळांखालचे पाणी गेले तर सावरू शकत नाही, हा या अनुभवाचा निष्कर्ष होय.

सह्याद्रीतील वाळुंजास तो तंतोतंत लागू पडतो. महाबळेश्वरास वर्षाकाठी सु. ५,५०० मिमी.हून अधिक पाऊस पडतो, पण त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. उरलेले आठ महिने ओढे वाहतात ते जांभा खडकाच्या थरात मुरलेले पाणी खालच्या बेसाल्टाच्या सीमेवर झऱ्यांच्या रूपाने बाहेर येते म्हणून. वाळुंज या झऱ्यांच्या पाण्यावर जगतो. अतिवृष्टीच्या प्रदेशात असूनही तो खऱ्या अर्थाने उन्हाळी पाण्याचा वृक्ष आहे. म्हणूनच एखाद्या ओढ्याकाठी जुना वाळुंज उभा असणे, ही तेथे बारमाही ओल असल्याची विश्वसनीय खूण मानावी.

अभिवृद्धी : वाळुंजाचे बी अतिशय अल्पायुषी असते. त्यात अन्नसाठा नसल्याने ते काही दिवस ते फार तर काही आठवडेच जननक्षम राहते. या अवधीत उघड्या, ओल्या गाळावर पडले तर एकदोन दिवसांत रुजते. कोरड्या जमिनीवर, दाट गवतात किंवा सिमेंटच्या काठावर पडले तर वाया जाते. मातीत बियांचा साठा राहून पुढील एखाद्या चांगल्या वर्षी उगवण होणे, ही इतर अनेक वनस्पतींची सोय वाळुंजास नाही.

यापेक्षाही गंभीर अडचण विभक्तलिंगी असण्यामुळे उद्भवते. एखाद्या ओढ्याकाठी चारपाच वृक्षच उरले आणि ते सर्व नर किंवा सर्व मादी असले, तर ते कितीही जोमदार दिसोत, त्यांच्यापासून जननक्षम बी तयार होत नाही. अशी राई वर्षानुवर्षे हिरवी राहते, पाहणाऱ्यास सुरक्षित वाटते, आणि शेवटचा वृक्ष पडला की तिचा मागमूस उरत नाही. संख्या मोजून अशा वृक्षांची स्थिती कळत नाही. फुलोरा आलेला असताना प्रत्येक वृक्षाचे लिंग नोंदविणे आवश्यक असते.

निसर्गाने यावर उपायही ठेवला आहे. विलोंच्या कोवळ्या खोडात सुप्त मूलांकुर आधीच असतात. त्यामुळे अंगठ्याएवढ्या जाडीची छाट ओल्या जमिनीत खोचली असता सहज मुळे धरते. पावसाळ्याच्या आरंभी नर व मादी या दोन्ही वृक्षांच्या छाटांची एकाच ओढ्याकाठी लागवड केल्यास तुटलेली परंपरा पुन्हा जोडता येते. मात्र सर्व छाटा एकाच वृक्षाच्या घेतल्यास एकाच लिंगाचे व एकाच गुणधर्माचे वृक्ष वाढतात आणि मूळची अडचण कायम राहते.

उपयोग : लाकूड मऊ, हलके व पांढरट ते तांबूस असते, ते टिकाऊ नसल्याने इमारतीच्या कामास फारसे येत नाही. त्याचा कोळसा पूर्वी बंदुकीच्या दारूसाठी वापरीत. लवचिक डहाळ्यांच्या टोपल्या विणतात, पाला गुरांना घालतात आणि साल कातडी कमावण्यास उपयुक्त असते. इतर भारतीय जातींचे आर्थिक महत्त्व अधिक आहे. काश्मीरमध्ये लावलेल्या सॅ. आल्बा या जातीपासून क्रिकेटच्या बॅटी बनवितात. विलोच्या फोकांनी विणलेल्या वेष्टनात मातीचे भांडे बसवून कांगडी तयार करतात. लडाख व लाहूल-स्पिती या थंड, वृक्षविरळ प्रदेशांत विलोंची लागवड जळण, चारा व छपरासाठी केली जाते. तेथे खोड ठराविक उंचीवर छाटून नवे फोक घेण्याची पद्धत आहे. लोंबत्या फांद्यांचा सॅ. बॅबिलोनिका हा मूळचा चीनमधील विलो शोभेसाठी बागांतील तळ्यांकाठी लावतात.

वाळुंजाची साल ज्वरनाशक म्हणून देशी वैद्यकात परिचित आहे. विलोंच्या सालीतील सॅलिसीन या घटकाचा इतिहास वैद्यकात महत्त्वाचा आहे. इंग्लंडमधील धर्मोपदेशक एडवर्ड स्टोन यांनी विलोच्या सालीचे चूर्ण हिवतापासारख्या ज्वराच्या रुग्णांना देऊन पाहिले व आपले अनुभव १७६३ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीस कळविले. १८२८ मध्ये योहान बुखनर यांनी म्यूनिक येथे सालीतून सॅलिसीन वेगळे केले. १८३८ मध्ये राफाएले पिरिया यांनी त्यापासून सॅलिसिलिक अम्ल मिळविले. १८९७ मध्ये जर्मनीतील बायर कंपनीच्या प्रयोगशाळेत फेलिक्स होफमान यांनी शुद्ध ॲसिटिल सॅलिसिलिक अम्ल तयार केले व १८९९ पासून ते ‘ॲस्पिरिन’ या नावाने विक्रीस आले. आज हे औषध संपूर्णपणे रासायनिक संश्लेषणाने बनते. त्यासाठी साल काढण्याची गरज उरलेली नाही.

वर्गीकरण : परंपरेने सॅलिकेसी कुलात सॅलिक्स व पॉप्युलस (पॉपलर) या प्रजातींचाच मुख्यतः समावेश केला जाई. केसरयुक्त बिया, विभक्तलिंगी वृक्ष व पाकळ्याविरहित फुले ही त्यांची समान लक्षणे होत. विसाव्या शतकाच्या अखेरीस जनुकद्रव्याच्या अभ्यासावरून पूर्वीच्या फ्लॅकोर्शिएसी कुलातील अनेक प्रजाती सॅलिकेसीत घेण्यात आल्या आणि कुलाचा विस्तार सु. ५५ प्रजाती व १,००० जाती इतका झाला. या पुनर्रचनेमुळे विदर्भाच्या जंगलातील काटेरी तांबट (फ्लॅकोर्शिया इंडिका) हा आता वाळुंजाचा कुलबंधू ठरला आहे. नागभीडच्या रानात वाळुंजासारखी दिसणारी नदीकाठची शेरणी त्याची परकी, आणि त्याच्याशी मुळीच साम्य नसलेला कोरड्या रानातील तांबट मात्र त्याचा आप्त, असा हा विलक्षण प्रकार आहे.

साहित्यातील उल्लेख : पुरापुढे वाकणारा व त्यामुळे वाचणारा वेतस ही संस्कृत साहित्यातील प्रसिद्ध प्रतिमा आहे. कालिदासाच्या रघुवंशात रघूपुढे वेतसाप्रमाणे नमून आपला बचाव करणाऱ्या सुह्मांचा उल्लेख येतो. मराठीत हाच बोध देण्यासाठी तुकारामांनी लव्हाळ्याचा दाखला दिला आहे.

संरक्षण : वाळुंज पुरापुढे वाकतो, परंतु पाणी नाहीसे होण्यापुढे त्याचा इलाज चालत नाही. झऱ्याचे पाणी नळाने मुखाशीच वळविणे, ओढ्याचे काठ दगड-सिमेंटने बांधून काढणे, पात्रातील गाळ व वाळू उपसणे आणि विंधन विहिरींनी भूजल खेचणे ही त्याच्या ऱ्हासाची कारणे होत. धरणांमुळेही नदीकाठचे अधिवास बुडतात. १९६० च्या दशकात कोयना धरण पूर्ण झाल्यावर त्या नदीच्या काठचा लांब पट्टा शिवसागर जलाशयाखाली गेला. महाबळेश्वर-पाचगणी परिसर २००१ मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनक्षम क्षेत्र म्हणून घोषित झाला. त्यामुळे बांधकामावर काही बंधने आली. तथापि वाळुंजाचे संरक्षण वृक्षतोडबंदीने साधणारे नाही. झरा वाहता राहणे, काठाला थोडा उघडा गाळ मिळणे आणि एकाच प्रवाहावर नर व मादी वृक्ष एकमेकांच्या आवाक्यात असणे या तीन गोष्टी एकत्र आल्या, तरच पुढची पिढी उगवते. यांपैकी पहिली गोष्ट माणसाच्याही पिण्याच्या पाण्याशी निगडित आहे. ज्या ओढ्यावरून वाळुंज नाहीसा होतो, त्या ओढ्याचे उन्हाळी पाणी पुष्कळदा त्याच्या आधीच आटलेले असते.